पाळीचं रिव्हॉल्वर

दरोडेखोरांच्या भीतीनं गावानं रिव्हॉल्वर घ्यायचं ठरवलं, इथपर्यंत सगळं ठीक होतं. घेतल्यावर ते ठेवायचं कुणाच्या घरी, हा प्रश्न निघाला आणि सकाळी मारुतीच्या देवळात जमलेली माणसं दुपार झाली तरी उठेनात. गुंडा हवालदार खांबाला टेकून बसला होता. गावाच्या बैठकांचा त्याला पंचवीस वर्षांचा अनुभव होता. प्रत्येक बैठकीतून उठताना त्याचे गुडघे मात्र हमखास दुखत, बाकी काही निष्पन्न होत नसे.

सेहेचाळीस सालचा माघ महिना होता. कृष्णाकाठी गुऱ्हाळं लागली होती आणि घरोघर गुळाच्या ढेपा रचलेल्या होत्या. पंधरा दिवसांपूर्वी चार कोसांवरच्या वाडीत दरोडा पडला. एका म्हातारीच्या कानातली बुगडी दरोडेखोरांनी कानासकट ओढून नेली आणि आडव्या आलेल्या तिच्या लेकाला गोळी घातली. तो जगला, पण त्याचा हात गेला. तेव्हापासून गावाची पाचावर धारण बसली होती. गावात भाले होते, कुऱ्हाडी होत्या, पण बंदुकीपुढं त्यांचं काय चालणार?

अशात नदीपल्याडच्या लालासाहेबाची बातमी आली. हा गडी पलटणीत मोटार हाकायचा. लढाई संपल्यावर घरी येताना त्यानं इटलीहून एक रिव्हॉल्वर सामानात दडवून आणलं होतं. आता त्याला सांगलीला सायकलचं दुकान काढायचं होतं आणि ही ब्याद सोबत न्यायची नव्हती. चाळीस ढेपा गूळ द्या आणि घेऊन जा, असा त्याचा निरोप होता. उंबऱ्यामागं एक ढेप, म्हणजे कुणाला जड नव्हतं.

पण ठेवायचं कुणी? भाऊसो पाटील म्हणाला, "मी पडलो पोलीस पाटील. बिनपरवान्याचं हत्यार माझ्या घरात घावलं तर पैला मीच आत जाईन. माझं नाव नको." वरच्या आळीकडं ठेवावं तर खालची आळी मान्य करेना आणि खालच्या आळीचं नाव निघालं की वरची आळी पटके सावरून उठायला लागे. शेवटी कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, "हिरीच्या पान्यागत पाळी लावा की! आठ दिस ह्येच्या घरी, आठ दिस त्येच्या घरी."

झालं. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. त्या मुलखात जे कापून वाटता येत नाही ते पाळीनं घेतात. विहीर पाळीनं, देवाचा दिवा पाळीनं आणि वाटणी झालेल्या घरातले आईबापही पाळीनं. गुंडा हवालदार आणि त्याची बायको बनुबाई मधल्या खोलीत राहत. एक महिना थोरल्या जोतिबाकडं जेवत आणि एक महिना धाकट्या ज्ञानूकडं. त्यामुळं पाळीची गोष्ट कुणाला वावगी वाटली नाही. आठ दिवस वरच्या आळीचं पहिलं घर, मग त्याच्या शेजारचं, मग जोतिबा, मग ज्ञानू, असा क्रमसुद्धा तिथंच लागला.

"हवालदार," भाऊसो म्हणाला, "तुमी पैल्या लढाईत बसऱ्याला हत्यारखान्यात हुता. तुमी जाऊन बघा. तुमी चांगलं म्हनला तर घ्यायचं, न्हाई म्हनला तर इषय संपला."

हवालदारानं मान हलवली. तिसरी पाळी जोतिबाची, चौथी ज्ञानूची, एवढंच त्याच्या डोक्यात घोळत होतं.

तीन वर्षांपूर्वी वाटणी झाली तेव्हा जमीन दोन ठिकाणी कापली गेली, पण विहीर एकच होती. चार दिवस थोरल्यानं मोट धरायची, चार दिवस धाकट्यानं. दिवस उगवला की पाळी बदलायची, असा ठराव झाला. ठराव पंचांसमोर झाला होता आणि मोडला जायचा विहिरीवर. जोतिबा पाचव्या दिवशीही दिवस कासराभर वर येईपर्यंत बैल सोडायचा नाही. तोवर ज्ञानूचा ऊस तोंड वासून उभा. मग शिव्या, मग आरडाओरडा. मागच्या महिन्यात ज्ञानूनं भर पाटात खोरं उगारलं होतं आणि जोतिबानं चाबूक उलटा धरला होता. चार माणसांनी मध्ये पडून दोघांना बाजूला केलं. त्यानंतर दोघांत बोलणं राहिलं नव्हतं. एकाच सोप्यातून दोन दारांनी बाहेर पडायचे, पण तोंडाला तोंड लागत नव्हतं.

हवालदारानं घरी येऊन बनुबाईला सगळं सांगितलं. ती जोंधळे पाखडत होती. ती पाखडायची थांबली.

"आवं, म्हंजी ती बंदूक आपल्या घरात येनार?"

"आट आट दिस."

"आनि त्या आट दिसांत पान्याच्या पाळीवरनं भांडान पेटलं तर?"

 हवालदाराच्याही मनात तेच होतं. खोरं उगारलं तर मध्ये पडायला वेळ मिळतो. रिव्हॉल्वरच्या मध्ये कोण पडणार?

"दरोडेखोर नशिबात आसलं तर येतील," बनुबाई म्हणाली. "ह्ये तर रोज घरात हाईत."

दुसऱ्या दिवशी सकाळी बैलगाडी जुंपून हवालदार आणि भाऊसो पाटील नदीपल्याड गेले. गाडी ज्ञानूच हाकत होता, कारण त्या चार दिवसांत त्याचे बैल मोकळे होते.  पंचवीस वर्षं हवालदाराच्या शब्दाला गावात किंमत होती. बैलाचे दात असोत, विहिरीचं बांधकाम असो की भावकीतलं भांडण, हवालदार म्हणाला म्हणजे झालं. हा लौकिक त्यानं कधी मिरवला नव्हता, पण तो आपल्याजवळ आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं. घरची कोठी भरलेली असावी, तसा त्याचा आधार वाटायचा.

लालासाहेबानं त्यांना गोठ्यात नेलं. वैरणीखालून एक पत्र्याचा डबा काढला आणि डब्यातून कापडाच्या पट्टीत गुंडाळलेलं रिव्हॉल्वर. हवालदारानं ते हातात घेतलं आणि त्याचं म्हातारपण क्षणभर कुठल्या कुठं गेलं. किती दिवसांनी असली वस्तू हाताला लागली होती! त्यानं गोळ्यांची फिरकी उघडली, बोटानं फिरवली, कान लावून ऐकली. नळी दाराच्या उजेडाकडं धरून आतून पाहिली. घोडा दोनदा रिकामा पाडून बघितला. नळीत गंजाचा ठिपका नव्हता. फिरकीची सहाही घरं जिथल्या तिथं बसत होती. बसऱ्याच्या हत्यारखान्यात त्यानं शेकड्यांनी हत्यारं पाहिली होती, पण इतकं निगुतीनं राखलेलं क्वचितच. कुणा गोऱ्या सायबाचं असावं आणि त्यानं जिवापाड जपलेलं असावं.

"कसं हाय?" भाऊसोनं विचारलं.

हवालदारानं वर पाहिलं. दाराशी ज्ञानू उभा होता. रिव्हॉल्वरवरून त्याची नजर हलत नव्हती. जत्रेत खेळण्याच्या दुकानापुढं उभा राहायचा तेव्हा तो असाच बघायचा. पोरगं तीस वर्षांचं झालं होतं, दोन लेकरांचा बाप झालं होतं आणि अजून तसंच बघत होतं. हवालदाराला त्याची माया आली आणि भीतीही वाटली. दोन्ही एकाच वेळी वाटलं आणि मग त्याला फार थकल्यासारखं झालं.

"वाईट हाय," तो म्हणाला.

"वाईट?" लालासाहेब चिडला. "आवं हवालदार, नवं कोरं दिसतंय की!"

"दिसतंय खरं. पर घोड्याचं टोक झिजलंय. घोडा पडतो, टोक गोळीपत्तुर पोचत न्हाई. नुसतं टकटक वाजंल, बार उडायचा न्हाई."

"मग उडवून बघू. गोळ्या हाईत चार."

"उडव. चौकी कोसभर बी न्हाई. शिपाई आले की त्येंनाच इक."

 लालासाहेबानं मोटारी हाकल्या होत्या, हत्यार कधी चालवलं नव्हतं. हे रिव्हॉल्वरही त्याला एका सोबत्याकडून पत्त्यांच्या डावात मिळालं होतं. हवालदारापुढं आपण काय बोलणार, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. त्यानं त्या सोबत्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि डबा पुन्हा वैरणीखाली ढकलला. भाऊसो पाटलानं सुटकेचा निःश्वास टाकला. हत्यार हवं म्हणणाऱ्यांत त्याचा आवाज सगळ्यांत मोठा होता, पण ते येणार नाही म्हटल्यावर सगळ्यांत हलकाही तोच झाला.

परत येताना गाडीत हवालदारानं डोळे मिटून घेतले होते. आयुष्यात तो खोटं बोलला नव्हता असं नाही. पण हत्याराबद्दल खोटं बोलायची ही पहिलीच वेळ. चांगल्या वस्तूला वाईट म्हटल्याचा त्याला खरोखर त्रास होत होता. आणि उद्या दरोडा पडला, कुणाचा मुडदा पडला, तर?  मग तो स्वतःची समजूत काढायचा, की दरोडा पडेल न पडेल, पाळी मात्र ठरल्या दिवशी येणारच होती.

गावानं निकाल मुकाट्यानं ऐकला. पोरासोरांनी त्याची टिंगल सुरू केली. आडकित्त्यात सुपारी फुटली नाही तरी "टोक पोचत न्हाई गड्या" म्हणून हसू लागले. दरोड्याची भीतीही हळूहळू ओसरली. गावानं दोन कुत्री पाळली आणि चार गडी राखणीला ठेवले. बनुबाईनं हवालदाराला एक शब्द विचारला नाही, पण त्या दिवशी तिनं थोरल्या सुनेच्या हातून परात काढून घेऊन स्वतः भाकरी थापली आणि वर लोण्याचा गोळा ठेवला.

तीन आठवडे गेले.

त्या दिवशी सकाळी हवालदार अंगणात तोंड धूत होता. बनुबाई लगबगीनं बाहेर आली. तिच्या चेहऱ्यावर हसू होतं आणि ते काही नीट बसत नव्हतं.

"आवं, ज्ञानू ती बंदूक घिऊन हिरीवर गेलाय."

हवालदाराच्या हातातला तांब्या तसाच राहिला. "कंची बंदूक?"

"त्या लालासायबाची. काल त्यो सांगलीला निघाला. जाता जाता ज्ञानूला दोन ढेपांत दिऊन टाकली म्हनं. मोडकी म्हनून एवढ्यात पडली. आज जोतिबाची पाळी संपली, पर मोट काय सुटंना. ज्ञानू म्हनला, जरा भ्या दावतो आन्नाला. उडायची तर न्हाईच, आबांनीच सांगितलंय..." बोलता बोलता तिनं नवऱ्याचा चेहरा पाहिला. "काय झालं? न्हाई न्हवं उडत?"

 पायात वहाणा घालायलाही हवालदार थांबला नाही.

विहीर घरापासून फर्लांगभर. बांधावरची वाट, मध्ये दोन पाट. त्याच्या गुडघ्यांनी पंचवीस वर्षांत पळण्याचं नाव काढलं नव्हतं, पण त्या दिवशी तो पळाला. पहिल्या पाटात त्याचा पाय घसरला आणि तो चिखलात पडला. उठला, पुन्हा पळाला. वाटभर तो ओरडत होता, पण छातीतून आवाजच निघत नव्हता. मोटेचं चाक करकरत होतं म्हणजे जोतिबा अजून बैल हाकत होता, म्हणजे जोतिबा अजून होता. मग चाक थांबलं. हवालदाराला वाटलं, आपण इथंच खाली बसावं आणि पुढं जाऊच नये.

तेवढ्यात त्याला हसू ऐकू आलं. दोघांचं हसू.

उसाच्या कडेनं तो वळला तेव्हा त्याला समोर सगळं दिसलं. बैल उभे होते. मोटेच्या धावेवर, बैलांच्या उतरत्या वाटेवर, जोतिबा छाती काढून उभा होता आणि दहा हातांवर ज्ञानू, हातात रिव्हॉल्वर.

"मार की रं!" जोतिबा हसत म्हणत होता. "टोक पोचतंय का बघू!"

"मग सोड मोट! सोडतोस का न्हाई?"

"न्हाई सोडत. मार!"

टक् असा आवाज आला. जोतिबानं दोन्ही हात छातीवर घेतले, "मेलो गं आई!" म्हणून ओरडला आणि तमाशातल्या सोंगाड्यागत मागं कोसळायचं सोंग केलं. ज्ञानू हसून हसून वाकला होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. तीन वर्षांत या दोघांना एकत्र हसताना हवालदारानं पाहिलं नव्हतं.

"ऊठ, अजून चार हाईत!" ज्ञानूनं पुन्हा हात उचलला.

"ज्ञानू!" हवालदाराचा आवाज आता फुटला. "ज्ञानू, थांब! चांगलं हाय त्ये! चांगलं हाय! उडतंय!"

ज्ञानूचा हात तसाच राहिला. जोतिबा अर्धवट उठलेला, गुडघ्यावर. हवालदार धापा टाकत पुढं झाला, ज्ञानूच्या बोटातून रिव्हॉल्वर हळूच सोडवून घेतलं आणि फिरकी उघडली. सहा घरांत चार गोळ्या होत्या. दोन घरं रिकामी होती आणि त्या दोन्हींवरून घोडा पडून गेलेला होता. पुढचं घर भरलेलं होतं.

"कितींदा दाबलंस?" त्यानं विचारलं.

"दोनदा," ज्ञानू म्हणाला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. गोळ्या कशाला भरल्या, हे त्याला कुणी विचारलं नाही, पण तो आपणहून म्हणाला, "नुसतं शोभावं म्हनून भरल्या हुत्या." आणि मग तो मटकन खाली बसला.

हवालदारानं चारही गोळ्या तळहातावर काढून घेतल्या. जोतिबा धावेवरून खाली आला. त्यानं त्या गोळ्यांकडं पाहिलं, मग भावाकडं, मग बापाकडं. तो चिडलेला नव्हता. तो चिडला असता तर हवालदाराला बरं वाटलं असतं.

"आबा, गावाला मोडकं हाय म्हनून का सांगितलं?"

हवालदाराला काहीतरी सांगता आलं असतं. परवाना नव्हता, पोलिसांचा ससेमिरा लागला असता, बोलायला काय, पुष्कळ होतं. पण एका खोट्यानं इथवर आणलं होतं आणि दुसरं रचायचं त्याच्यात त्राण नव्हतं.

"पाळीनं तुमच्या घरात आलं असतं," तो म्हणाला. "तुमा दोघांचं भ्या वाटलं मला."

"म्हंजी आमी एकमेकाला गोळी घालू, असं?"

हवालदारानं मान खाली घातली. थारोळ्यात साचलेलं पाणी पाटानं हळूहळू निघून चाललं होतं. बैल शेपट्या हलवत उभे होते.

"आमाला न्हवतं वाटलं आबा तसं कवा," जोतिबा म्हणाला. "भांडत हुतो. पर तसं न्हवतं वाटलं."

ज्ञानूनं मान वर केली आणि भावाकडं पाहिलं. जोतिबानंही पाहिलं. आणि हवालदाराच्या लक्षात आलं, की आता वाटतं आहे. मघाशी दहा हातांवर उभे राहून हसत होते, ते आता तेवढ्याच अंतरावरून एकमेकाचे हात बघत होते. आपण वाचवलं ते काय आणि घालवलं ते काय, हे त्याला त्या घडीला कळलं आणि त्यानं कपाळाला हात लावला.

"ह्ये आता कुनाकडं ठेवायचं?" ज्ञानूनं विचारलं.

"माझ्याकडं नको," जोतिबा म्हणाला.

"माझ्याकडं बी नको." आणि ज्ञानू लगेच पुढं म्हणाला, "आनि आन्नाकडं बी नको."

जोतिबानं ते ऐकलं.  त्यानं बैल सोडले, मोटेचा नाडा गुंडाळून ठेवला आणि बैल घेऊन बांधानं निघून गेला. रिव्हॉल्वर हवालदारानं धोतराच्या सोग्यात गुंडाळलं. ज्या वस्तूला त्यानं गावाला नको म्हणायला लावलं होतं, ती आता त्याला स्वतःला सांभाळायची होती आणि मरेपर्यंत सांभाळायची होती. ती विकता येत नव्हती, नदीत टाकावी तर उन्हाळ्यात पाणी आटल्यावर पोरांच्या हाती लागली असती आणि ती चांगली आहे हे गावाला सांगताही येत नव्हतं. घरी जाईपर्यंत त्याला तीनदा बसावं लागलं.

त्या दिवसापासून जोतिबाची पाळी कधी लांबली नाही. पाचव्या दिवशी पहाटेच, अजून नीट फटफटलेलं नसताना तो बैल सोडून दुसऱ्या वाटेनं घरी जायचा. ज्ञानू उजाडल्यावर यायचा. विहिरीवर दोघांची गाठ म्हणून पडायची नाही. पाणी दोघांच्याही उसाला वेळेवर मिळू लागलं आणि त्या वर्षी दोघांचाही ऊस चांगला झाला.

भाऊसो पाटील देवळात बसला की चार लोकांसमोर कौतुकानं सांगायचा, "बघा, हवालदाराच्या पोरांचं भांडान कसं मिटलं! आता शिवी न्हाई, आरडाओरड न्हाई. बापानं काय सांगितलं आसंल ती त्योच जानं."

गुंडा हवालदार खांबाला टेकून बसलेला असायचा. तो मान हलवून हो म्हणायचा.